आरएची औषधं आणि त्यांचे दुष्परिणाम: नव्याने निदान झालेल्यांनी निर्णय कसा घ्यावा

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचं, म्हणजे आरएचं निदान झालं की बहुतेकांच्या हातात पहिल्या एक-दोन भेटींतच मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी पडते. घरी येऊन आपण मोबाइलवर ते नाव शोधतो आणि पहिल्याच ओळीत वाचतो, ‘कर्करोगावरील औषध’. पुढे यकृत, फुप्फुसं, केस, गर्भ अशी यादी लागते. ती वाचून झाली की गोळी पाकिटातच राहते आणि ‘थोडे दिवस तेल लावून बघू’ असं ठरतं.

ही भीती निराधार नाही. या औषधांना दुष्परिणाम आहेत आणि त्यातले काही गंभीर आहेत. पण घाबरलेल्या मनाने तोलायला बसलं की औषधाचे सगळे तोटे तराजूच्या एका पारड्यात जातात आणि दुसरं पारडं रिकामंच राहतं. खरं तर त्या दुसऱ्या पारड्यात मोकाट सुटलेला आजार असतो, आणि त्याचं वजन फार मोठं असतं. मी स्वतः बरीच वर्षं मेथोट्रेक्सेट घेते आहे. निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी शेजारी बसून जे समजावून सांगायला हवं, ते इथे पायरीपायरीने लिहिते आहे. डोस ठरवणं, बदलणं, थांबवणं हे मात्र तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करायचं.

पायरी १: औषध घेतलं नाही तर काय होतं, ते आधी समजून घ्या

आरए म्हणजे वयानुसार होणारी सांध्यांची झीज नव्हे. यात रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावर, सायनोव्हियमवर, हल्ला करते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू कूर्चा आणि हाड कुरतडू लागतं. म्हणून सकाळी उठल्यावर बोटं अर्धा-एक तास, कधी त्याहूनही जास्त वेळ आखडलेली राहतात. दोन्ही हातांचे तेच ते सांधे धरतात: बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं. पायाचे चवडे जमिनीला टेकवताना खडे टोचल्यासारखं होतं. बोटांच्या टोकाची पेरं सहसा यातून सुटतात.

हाड कुरतडलं जाण्याच्या खुणा अनेकांच्या एक्स-रेवर पहिल्या दोन वर्षांतच दिसू लागतात. औषधाने सूज उतरते, ठणका थांबतो, पण गेलेलं हाड पहिल्यासारखं होत नाही. म्हणूनच लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या तीन ते सहा महिन्यांत उपचार सुरू व्हावेत यावर तज्ज्ञांचा इतका भर असतो. ‘आधी सहा महिने सहन करून बघते, मग औषधाचं बघू’ या विचारात नेमका तोच काळ निघून जातो.

शिवाय हा आजार सांध्यांपुरता थांबत नाही. आरए असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट धरला जातो. हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं, काहींच्या फुप्फुसांवर किंवा डोळ्यांवर परिणाम होतो. लिम्फोमा या कर्करोगाची भीती लोक औषधांना चिकटवतात. पण आरए स्वतःच तो धोका वाढवतो, आणि ज्यांचा आजार वर्षानुवर्षं जोरात राहिला त्यांच्यात तो जास्त असतो. उलट, मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी असल्याचं रुग्णांच्या दीर्घ निरीक्षणातून दिसलं आहे.

पायरी २: तुमचा आजार किती जोरात आहे, ते आकड्यात मागा

प्रत्येकाचा आरए सारखा नसतो, म्हणून प्रत्येकाने पत्करायचा धोकाही सारखा नसतो. डॉक्टरांना विचारा: माझी अँटी-सीसीपी आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (आरएमध्ये रक्तात आढळणारी प्रतिपिंडं) ही तपासणी काय सांगते? ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे रक्तातल्या दाहाचे आकडे, किती आहेत? किती सांधे सुजले आहेत? एक्स-रेवर किंवा सोनोग्राफीत हाड कुरतडल्याच्या खुणा आहेत का? अँटी-सीसीपी बरंच जास्त, सुजलेले सांधे अनेक आणि सुरुवातीलाच हाडावर खुणा, असं चित्र असेल तर आजार आक्रमक होण्याची शक्यता जास्त. तिथे थांबून बघण्याची किंमतही जास्त. अँटी-सीसीपी आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह असूनही आरए असू शकतो, तेव्हा केवळ त्या रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका.

आजार मोजायची एक सोपी पद्धत आहे, सीडीएआय. डॉक्टर ठरावीक २८ सांधे दाबून बघतात. दुखणारे किती, सुजलेले किती, हे दोन आकडे. त्यात तुम्ही स्वतः शून्य ते दहामध्ये दिलेला आजाराचा गुण आणि डॉक्टरांनी दिलेला तसाच गुण मिळवायचा. बेरीज २.८ किंवा त्याहून कमी असेल तर आजार शमलेला, १० पर्यंत सौम्य, २२ पर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. रक्ततपासणीही लागत नाही. प्रत्येक भेटीत हा आकडा वहीत लिहून ठेवा. औषध चाललं की नाही, हे नंतर त्यावरूनच कळणार आहे. ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर विसंबणं धोक्याचं, कारण वेदनाशामक गोळीने ठणका दबतो आणि आतली सूज तशीच चालू राहू शकते.

पायरी ३: चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाचं काम ओळखा

चिठ्ठीवर सहसा तीन प्रकारची औषधं असतात. त्यांची सरमिसळ झाली की माणूस नको ते बंद करतो आणि नको ते चालू ठेवतो.

पहिला प्रकार वेदनाशामकांचा: आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक वगैरे. यांनी ठणका आणि आखडलेपण कमी होतं, पण हाड कुरतडलं जायचं थांबत नाही. लोकांना ही औषधं निरुपद्रवी वाटतात, कारण ती ओळखीची असतात. प्रत्यक्षात रोज आणि दीर्घकाळ घेतल्यास पोटात अल्सर, रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण, रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका असं बरंच काही त्यांच्यासोबत येतं. मेथोट्रेक्सेटला घाबरून वर्षानुवर्षं वेदनाशामकांवर काढणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी धोका टाळलेला नसतो. कमी फायद्याच्या औषधाचा धोका तेवढा पत्करलेला असतो.

दुसरा प्रकार स्टेरॉइडचा, बहुधा प्रेडनिसोलोन. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आरएच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि अंथरुणाला खिळलेली व्यक्ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना केंडल आणि राइखस्टाइन यांच्यासोबत नोबेल मिळालं. आनंद ओसरायला मात्र वेळ लागला नाही, कारण दीर्घकाळ दिल्यावर दुष्परिणाम समोर आले: सुजलेला चेहरा, वजन, साखर, रक्तदाब, ठिसूळ हाडं, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग, उडालेली झोप. आज स्टेरॉइडचं योग्य काम एवढंच, की मुख्य औषधाचा परिणाम दिसेपर्यंत मधले आठवडे सुसह्य करायचे आणि मग शक्य तितक्या लवकर, साधारण तीन महिन्यांच्या आत, हळूहळू काढून घ्यायचं. घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी बरं वाटतं, म्हणून ते सोडवत नाही. माझं मत स्पष्ट आहे: या सगळ्या यादीत रुग्णाने सर्वांत जास्त सावध राहावं ते लांबत गेलेल्या स्टेरॉइडबद्दल. पण काही आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, कॉर्टिसोल, तयार करण्याची क्रिया तोवर मंदावलेली असते आणि अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकतं.

घटक छापलेले नसलेली चूर्णं आणि गोळ्या ‘दोन दिवसांत गुण’ असं सांगून दिल्या जातात, तेव्हा हेच आठवा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा आढळलं आहे.

तिसरा प्रकार खऱ्या उपचाराचा. यांना डीएमएआरडी म्हणतात, म्हणजे आजाराची वाटचाल बदलणारी औषधं. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन, लेफ्लुनोमाइड ही नेहमीची नावं. एकाने भागलं नाही तर दोन किंवा तीन एकत्र देतात, किंवा पुढची जैविक औषधं, म्हणजे दाहाचा ठरावीक रेणू किंवा पेशी अडवणारी प्रथिनं, येतात.

मेथोट्रेक्सेटबद्दल थोडं सविस्तर

ते कर्करोगावर वापरतात हे खरं आहे. पण तिथे काही उपचारांत त्याची मात्रा ग्रॅममध्ये असते. आरएसाठी आठवड्यातून एकदा ७.५ ते २५ मिलिग्रॅम देतात. एवढ्या मात्रेत त्याचं काम पेशी मारण्याचं नसून दाह शमवण्याचं असतं. अमेरिकेत १९८८ मध्ये आरएसाठी त्याला मान्यता मिळाली, आणि पुढे जगभर ते पहिल्या पसंतीचं औषध बनलं. नवी महागडी औषधंसुद्धा बऱ्याचदा त्याच्या जोडीनेच चांगली चालतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं गेलं तर तोंडभर फोड येऊ शकतात, अस्थिमज्जा काम थांबवू शकते आणि मृत्यूही ओढवू शकतो. अशा घटना घडलेल्या आहेत, आणि त्या जवळजवळ नेहमी गैरसमजातून घडतात. म्हणून वार पक्का करा. चिठ्ठीवर तो वार अक्षरात लिहून घ्या. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात, तेव्हा ‘तीन गोळ्या’ असं लक्षात न ठेवता मिलिग्रॅम लक्षात ठेवा आणि दर वेळी पाकिटावरचा आकडा तपासा. घरातल्या आणखी एका माणसाला हा नियम माहीत असू द्या. इस्पितळात दाखल व्हायची वेळ आली तर तिथल्या नर्सलाही स्वतःहून सांगा.

सोबत फॉलिक अॅसिड देतात. त्याने मळमळ, तोंड येणं, यकृतावरचा ताण हे कमी होतं. बरेच डॉक्टर ते मेथोट्रेक्सेटच्या वारी टाळून इतर दिवशी घ्यायला सांगतात. ते फालतू व्हिटॅमिन समजून सोडणाऱ्यांना मग मेथोट्रेक्सेटच सोसत नाही.

नेहमी दिसणारा त्रास म्हणजे गोळीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मळमळ, अन्नावरची वासना जाणं आणि एक प्रकारचा जडपणा. डोकं कापूस भरल्यासारखं वाटतं. केस काहींचे विरळ होतात, पण कर्करोगाच्या उपचारात होतं तसं टक्कल पडत नाही. यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, रक्तपेशी कमी होऊ शकतात, म्हणून तपासण्या. दारू यकृतावरचा भार वाढवते, तेव्हा शक्यतो बंद, आणि बंद करणं जमत नसेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. को-ट्रायमॉक्साझोल किंवा ट्रायमेथोप्रिम हे प्रतिजैविक मेथोट्रेक्सेटसोबत घेतल्यास रक्तपेशी धोकादायकरीत्या घटू शकतात. लघवीच्या संसर्गासाठी ते सहज लिहिलं जातं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर ‘मी मेथोट्रेक्सेट घेते’ हे पहिलं वाक्य असू द्या.

बाकीच्या तिघांबद्दल थोडक्यात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सर्वांत सौम्य. त्याची काळजी डोळ्यांच्या पडद्यासाठी. दिवसाची मात्रा वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवली तर पहिल्या दहा वर्षांत पडद्याला इजा होण्याचा धोका दोन टक्क्यांहून कमी असतो. वीस वर्षांनंतर मात्र तो बराच वाढतो. सल्फासॅलाझिनने सुरुवातीला पोट बिघडतं आणि लघवी केशरी होते. केशरी लघवीला घाबरायचं कारण नाही, पण सल्फाची अॅलर्जी असेल तर हे औषध नको. लेफ्लुनोमाइडने जुलाब, रक्तदाब वाढणं, केस गळणं होऊ शकतं, आणि ते शरीरात फार रेंगाळतं, कधी कधी दोन वर्षांपर्यंत. म्हणून गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने ते सुरू करण्याआधी दहादा विचारावं.

पायरी ४: दुष्परिणामांची यादी तीन प्रश्न विचारत वाचा

औषधाच्या पाकिटातला कागद उघडला की सगळे दुष्परिणाम एकाच आवाजात ओरडतात. मळमळ आणि मृत्यू एकाच पानावर. त्यांना वेगळं करायला प्रत्येकापुढे तीन प्रश्न ठेवा. हे किती जणांना होतं? मला जाणवण्याआधी तपासणीत पकडता येतं का? औषध थांबवल्यावर भरून निघतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदावरच असतं. युरोपीय पद्धतीच्या कागदांवर ‘अतिशय सामान्य’ म्हणजे दहातल्या एकाला किंवा त्याहून जास्त जणांना, ‘सामान्य’ म्हणजे शंभरात एक ते दहा जणांना, ‘क्वचित’ म्हणजे हजारात एक ते दहा, ‘दुर्मीळ’ म्हणजे दहा हजारांत एक ते दहा, आणि ‘अतिदुर्मीळ’ त्याहूनही कमी.

आता हे प्रश्न लावून बघा. मेथोट्रेक्सेटची मळमळ: बऱ्याच जणांना होते, लगेच जाणवते, पूर्ण जाते. त्रासदायक आहे, धोकादायक नाही. यकृताची एन्झाइम्स वाढणं: हेही बरंच दिसतं, जाणवत काहीच नाही, पण रक्ततपासणीत पकडलं जातं आणि मात्रा कमी केल्यावर बहुधा उतरतं. म्हणजे इथे तपासणी चुकवणं हाच खरा धोका. फुप्फुसांचा दाह: विरळा, नेहमीच्या रक्ततपासणीत कळत नाही, पण कोरडा खोकला, धाप आणि ताप अशी लक्षणं देतो. ती ओळखून त्याच दिवशी औषध थांबवणं आणि डॉक्टर गाठणं महत्त्वाचं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची डोळ्यांची इजा: हळूहळू होते, सुरुवातीला कळत नाही, भरून निघत नाही. पण ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन) आणि दृष्टिक्षेत्राच्या तपासणीत लवकर दिसते. तेव्हा सुरुवातीला एकदा डोळे तपासायचे आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्याआधीपासूनच.

असं वर्गीकरण केलं की भीतीचा एक मोठा गोळा सुटा होतो. काही गोष्टी सोसायच्या, काही मोजत राहायच्या, आणि मोजक्या लक्षणांना धावत सुटायचं.

बातम्यांमध्ये ‘धोका दुप्पट’ असं वाचलंत तर लगेच विचारा, कशाच्या दुप्पट? दहा हजारांत एकाऐवजी दोन झाले तरी दुप्पट, आणि दहात एकाऐवजी दोन झाले तरी दुप्पट. निर्णय घ्यायला मूळ आकडा लागतो. डॉक्टरांना असं विचारा: ‘माझ्यासारख्या शंभर जणांनी हे औषध वर्षभर घेतलं तर किती जणांना हा त्रास होईल? आणि घेतलं नाही तर किती जणांचे सांधे बिघडतील?’ दुसरा प्रश्न विसरू नका.

पायरी ५: सुरू करण्याआधी ही तयारी करा

रक्तपेशींची मोजणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे. हे रिपोर्ट जपून ठेवा, पुढचे आकडे त्यांच्याशीच ताडायचे असतात. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी द्या, जडीबुटी आणि पूरक गोळ्यांसकट. लसींबद्दल आत्ताच विचारा, कारण जिवंत जंतूंच्या लसी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या काही औषधांवर असताना देता येत नाहीत. फ्लू आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनियाच्या एका जंतूविरुद्धची) लस मात्र घ्यावी असाच सल्ला असतो.

मूल हवं असेल, आत्ता नाही तरी पुढे, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. ते चालू असताना खात्रीचं गर्भनिरोधन हवं, आणि गर्भधारणेच्या प्रयत्नांआधी साधारण एक ते तीन महिने ते बंद करावं लागतं. लेफ्लुनोमाइड घेतलं असेल तर कोलेस्टिरामाइन देऊन ते शरीरातून धुऊन काढतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन गरोदरपणातही चालू ठेवता येतात, काही जैविक औषधंही. म्हणजे आरए असताना आई होता येतं, फक्त त्याची आखणी आधी लागते. गरोदरपणात आजार अनेकींचा शांत होतो आणि बाळंतपणानंतर पुन्हा उसळतो, तेव्हा त्या काळासाठी घरात मदतीची सोय आधीच लावा. पुरुषांनीही विचारावं: सल्फासॅलाझिनने शुक्राणू कमी होतात, पण औषध थांबवल्यावर ते पूर्ववत होतात.

पायरी ६: पहिले तीन महिने नेटाने काढा

हा सगळ्यात अवघड काळ. दुष्परिणाम पहिल्या आठवड्यापासून जाणवू लागतात आणि फायदा दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. म्हणजे ‘औषधाने त्रासच झाला, गुण काही नाही’ असं मनात येणं अटळ आहे. याच टप्प्यावर बरेच जण सोडतात.

वहीत रोज तीनच गोष्टी लिहा: सकाळी किती मिनिटं अंग आखडलेलं होतं, कुठले सांधे सुजले होते, आणि कुठला वेगळा त्रास झाला. मेथोट्रेक्सेटच्या वारावर खूण करा. महिन्याभराने पानं उलटलीत की त्रास खरंच गोळीच्या वाराभोवती जमतो आहे की एरवीही तेवढाच आहे, हे दिसेल. थकवा आजाराचाही असतो आणि औषधाचाही, आणि वहीशिवाय ते वेगळं करता येत नाही.

रक्ततपासणी पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर आठ ते बारा आठवड्यांनी, पुढे दर बारा आठवड्यांनी, असं साधारण वेळापत्रक असतं. प्रकृती उत्तम असतानाच या तारखा विसरल्या जातात. तीन महिन्यांत काहीच फरक नसेल किंवा सहा महिन्यांत ठरलेलं उद्दिष्ट गाठलं नसेल, तर उपचार बदलण्याची मागणी करा. अर्धवट गुणावर वर्षं काढू नयेत.

पायरी ७: त्रास झाला तर ‘घेऊ की सोडू’ यापलीकडचे मार्ग वापरा

मळमळीसाठी गोळी रात्री जेवणानंतर घेता येते. मात्रा त्याच दिवशी दोन भागांत विभागता येते. फॉलिक अॅसिड वाढवता येतं. गोळीऐवजी त्वचेखाली घ्यायचं इंजेक्शन येतं. पोटाचा त्रास त्याने अनेकांचा बराच कमी होतो आणि जास्त मात्रेत औषध शोषलंही चांगलं जातं. दुसऱ्या दिवशीच्या थकव्यासाठी सुट्टीच्या आदल्या रात्रीचा वार निवडता येतो. हे सगळं करूनही सोसत नसेल तर दुसरं औषध आहे. डॉक्टरांना न सांगता गुपचूप बंद करणं हा एकच मार्ग नको, कारण मग पुढच्या भेटीत त्यांना वाटतं की औषध चाललं नाही, आणि ते अधिक जोरकस औषध लिहितात.

काही लक्षणांना वाट बघायची नसते:

- कोरडा खोकला, धाप, ताप
- तोंडात बरेच फोड, विनाकारण रक्ताचे चट्टे किंवा रक्तस्राव
- डोळे किंवा कातडी पिवळी होणं
- एकच सांधा अचानक लाल, गरम आणि टरटरून सुजणं, सोबत ताप: हा आरएचा उसळा नसून सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो
- डोळा लाल होऊन आतून ठणकणं
- काळी शौच किंवा रक्ताची उलटी
- जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी जाणं. अशा वेळी मूत्रपिंड मंदावतं आणि मेथोट्रेक्सेट साचतं, म्हणून त्या आठवड्याच्या डोसआधी विचारा

पायरी ८: जैविक औषधांची वेळ आली तर

नेहमीच्या औषधांनी आजार आवरला नाही तर टीएनएफ रोखणारी औषधं सुचवली जातात: इटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, अॅडलिम्युमॅब. १९९० च्या दशकात लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी या संशोधकांनी टीएनएफ हा दाहाचा रेणू अडवला तर आरए शमतो हे दाखवलं. १९९८ नंतर ही औषधं वापरात आली आणि ज्यांच्यासाठी काही उरलं नव्हतं अशांना नवी दारं उघडली. आज रिटुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब, अबाटासेप्ट अशी वेगळ्या मार्गाने काम करणारी औषधंही आहेत, आणि अनेकांच्या कमी खर्चाच्या बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी अगदी मिळत्याजुळत्या, आवृत्त्याही.

इथला मुख्य धोका जंतुसंसर्गाचा. टीएनएफ हा रेणू शरीरात झोपलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवायचं कामही करतो. तो अडवला की जुना क्षय जागा होऊ शकतो. म्हणून त्वचेची किंवा रक्ताची क्षयाची तपासणी आणि एक्स-रे केल्याशिवाय हे औषध सुरू करू नये. सुप्त क्षय सापडला तर त्यावरचे उपचार किमान महिनाभर घेऊन मग सुरू करता येतं. ताप आला, प्रतिजैविक सुरू झालं, की पुढचं इंजेक्शन पुढे ढकलायचं आणि फोन करायचा. शस्त्रक्रिया ठरली तरी आधी विचारायचं. आजार बरीच वर्षं जुना असेल तर भूलतज्ज्ञांना आरएबद्दल आवर्जून सांगा, कारण मानेच्या वरच्या मणक्यांचे सांधे सैल झालेले असू शकतात.

टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब, उपाडासिटिनिब ही जेएके (पेशीच्या आत दाहाचा निरोप पोहोचवणारी एन्झाइम्स) रोखणारी औषधं तोंडाने घेता येतात, त्यामुळे मोह पडतो. पण पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत टोफासिटिनिबवर हृदयविकार आणि कर्करोग टीएनएफ रोधकांपेक्षा जास्त आढळले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या गटातल्या औषधांवर कडक इशारा छापायला लावला. धूम्रपान, आधीची रक्ताची गुठळी, हृदयविकार, वाढलेलं वय यातलं काही असेल तर ‘माझ्यासाठी दुसरा पर्याय आहे का’ हे विचाराच. नागीण होण्याचा धोकाही या गोळ्यांनी वाढतो. तिची जिवंत नसलेली लस मिळत असेल तर आधी घ्यावी. पिंढरी एका बाजूची सुजून दुखली किंवा अचानक धाप लागली तर लगेच इस्पितळ.

पायरी ९: औषधाचं ओझं कमी करणारं तुमचं काम

धूम्रपान सोडा. आरए होण्यात, तो बिघडण्यात आणि औषधाला कमी दाद देण्यात त्याचा हात आहे. इतकी थेट परिणाम करणारी दुसरी कोणतीही गोष्ट तुमच्या हातात नाही. हिरड्यांची निगा ठेवा.

व्यायामाने सांधे झिजतील ही भीती सोडून द्या. स्नायू बळकट असतील तर सांध्यावरचा भार कमी होतो. सांधा लाल-गरम असेल त्या दिवशी फक्त हलक्या हालचाली, एरवी चालणं, पोहणं, हलकी वजनं, फिजिओथेरपिस्टला विचारून. वजन उचलताना बोटांवर न घेता कोपरावर किंवा खांद्यावर घ्या, झाकण बोटांनी न पिळता तळहाताने फिरवा, पेनाची आणि चमच्याची मूठ जाड करा. कामाचे तुकडे पाडा आणि थकण्याआधी थांबा; थकल्यावर थांबलात तर दुसरा दिवसही हातचा जातो. सतत उदास वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, आरएमध्ये नैराश्य बरंच आढळतं आणि त्यावर उपचार होतात.

पायरी १०: कमी करण्याचा विचार कधी करायचा

‘जन्मभर घ्यायचं का?’ हा प्रश्न मनात पहिल्या दिवसापासून असतो. उत्तर असं, की आजार किमान सहा महिने सलग शमलेला असेल, शक्यतो स्टेरॉइडशिवाय, तर कमी करण्याबद्दल बोलता येतं. आधी स्टेरॉइड काढायचं, मग इतर औषधं एक-एक करून, मात्रा घटवत किंवा दोन डोसांतलं अंतर वाढवत. सगळी औषधं एकदम बंद केलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा आजार पुन्हा उसळतो. कमी मात्रेवर वर्षानुवर्षं शांत राहणारे मात्र पुष्कळ आहेत. कमी करायला सुरुवात केलीत की वही पुन्हा उघडा, आणि सकाळचं आखडलेपण सलग काही दिवस वाढलेलं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता भेट मागा. उसळा लवकर लक्षात आला तर आधीच्या मात्रेवर परत गेल्यावर बहुतेकांचा आजार पुन्हा आटोक्यात येतो.